पुलाच्या अलीकडे

जैनाबाद
१८ जून २०२४

चारूताई, तुझ्या नंदूचा नमस्कार.

फोन न करता कागद पाठवतो आहे. फोनवर आपण दोघं एक तर भांडतो, नाहीतर गप्प बसतो, आणि गप्प बसलेला माणूस फोनवर दिसत नाही. भिकन दुधाचे कॅन घेऊन रोज पूल ओलांडतो. तो तुझ्या दारात चिठ्ठी टाकीन म्हणाला.

काल बाबांचं वर्षश्राद्ध झालं. तुझी वाट पाहिली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तू येणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून वाईटही वाटून घेतलं नाही. जेवणं झाल्यावर माणसं उठली, फक्त देवराम आणि गावातले चारपाच जाणते उठेचनात. सुपारी कातरत बसले. शेवटी देवराम म्हणाला, "नंदूभाऊ, नागोबाचा ओटा कवापर्यंत रिकामा ठेवशील? बारिश तोंडावर आली. केळीत जनावरं निघतील."

तुला हे सगळं माहीत आहे. पण समोर बसून कोणी मागतं तेव्हा ते मलाही नव्यानं ऐकल्यासारखं वाटतं. पान लागलेल्या माणसानं वाहतं पाणी ओलांडायचं नाही, ओलांडलं तर विष पाण्यासारखं अंगभर धावतं. साप हा शब्द अजूनही चावलेल्यासमोर कोणी काढत नाही, पान लागलं असंच म्हणतात. नागोबाच्या ओट्यावर बसणाऱ्यानं पुलाच्या तोंडाशी तांब्याभर पाणी सोडून तापीमाईजवळ शब्द टाकला, की पाणी मोकळं. मग पलीकडे बुऱ्हाणपूरला जा, दवाखान्यात जा, कुठेही जा. तो शब्द एका वेळी एकाच माणसाजवळ असतो. बाबांनी जाण्याआधी तो माझ्या कानात सांगितला. मी नको म्हणालो नाही. मरणाऱ्या माणसाला काय नको म्हणणार?

पण देवरामला मी नाही म्हणालो. कारण दिलं नाही. कारण तू आहेस.

त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि उठून गेले. आज सकाळपासून कोणी हाक मारलेली नाही. तसंही या घरात येणंजाणं कमीच. ओट्याच्या घरात मुलगी द्यायला लोक भ्यायचे म्हणून माझं लग्न राहिलं, हे तू थट्टेनं म्हणायचीस. आता घरात थट्टा करायलाही कोणी नाही. संध्याकाळी दिवा लावतो, थोडा वेळ बसतो. बरं वाटतं.

तुझा
नंदू

——

बुऱ्हाणपूर
२४ जून २०२४

चि. नंदू,

चिठ्ठी मिळाली. भिकननं ती दुधात भिजवून आणली होती, तरी अक्षर लागलं. तू नाही म्हणालास, बरं केलंस. माझ्याकडून काही हवं असेल तर हेच हवं होतं.

मी ठीक आहे. शाळेतली नोकरी पुढच्या वर्षी संपेल. अनिकेत सुरतेहून रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का" विचारतो, मी हो म्हणते, संपलं. गल्लीत यंत्रमाग दिवसभर खडखडतात, त्यामुळे घर रिकामं आहे हे कानाला कळत नाही. वीज गेली की कळतं.

तुला एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. तुझे भाऊजी त्या पावसाळ्यात सासुरवाडीला म्हणून आले आणि उकडतं म्हणून खाली जमिनीवर झोपले. चावल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. मण्यार होती, दात टेकवून जाते, सूज नाही, रक्त नाही. पोटात कळा आल्या म्हणून उठले. मग म्हणाले, चारू, पापण्या उघडत नाहीत गं. बाबांनी लिंबाचा पाला चावायला दिला. त्यांना तो कडू लागला. बाबा म्हणाले, कडू लागतो म्हणजे विष नाही, वायगोळा असेल, उजाडल्यावर पाहू. उजाडेपर्यंत त्यांचा शब्द जड झाला होता. मग कुठे सगळे पुलाशी आले आणि बाबा तांब्या घेऊन पुटपुटत उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पलीकडे शहराचे दिवे दिसत होते. एकेक विझत होता, कारण सकाळ झाली होती. ते तिथेच गेले. पुलाच्या अलीकडे.

दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं मला नंतर सांगितलं की अशा माणसाला श्वासाचं मशीन लावतात आणि पुष्कळदा तो परत येतो. त्यानं धीर द्यायला सांगितलं होतं. मला ते कधीच विसरता आलं नाही.

म्हणून मी तो पूल ओलांडत नाही. तुझ्यावर राग नाही. तू त्या ओट्यावर बसला नाहीस, तर कधीही राहणार नाही.

तुझी ताई

——

जैनाबाद
१२ जुलै २०२४

चारूताई, नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि देवाजवळ ठेवलं.

इथे एक वाईट गोष्ट झाली. नदीकडच्या मळ्यातली भागाबाई, जी लहानपणी आपल्याला चिंचा द्यायची, ती गेली. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं खुरप्यानं काढत होती, हाताला पान लागलं. घोणस होती. मुलांनी बाजेवर घालून तिला ओट्याशी आणलं. मी धावत गेलो आणि म्हणालो, अरे ओट्याचं काय घेऊन बसलात, पूल समोर आहे, घेऊन जा. थोरला मुलगा म्हणाला, "काका, पाणी खोलून द्या, आत्ता नेतो." मी म्हणालो, पाणी मोकळंच आहे, बंद कधी नव्हतं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याच्या आईला मरायला सांगतो आहे.

त्यांनी बाज उचलली आणि पुलाकडे न जाता उलट्या वाटेला लागले, डोंगराकडच्या एका भगताकडे, कारण त्या वाटेवर नदी नाही. त्यानं जखमेवर पातं मारलं, वर दोरीनं करकचून बांधलं. संध्याकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते तिरडीसाठीच.

ताई, मी खरं तेच सांगितलं होतं. ते खरं कोणाच्या उपयोगी पडलं नाही. पाच पोरांची आजी होती.

पाऊस बरा आहे. केळीला मानवला. बाकी विशेष काही नाही.

तुझा
नंदू

——

बुऱ्हाणपूर
२७ जुलै २०२४

नंदू,

"बाकी विशेष काही नाही" असं लिहिताना तुझा हात थांबला नाही का?

भिकननं सांगितलं. त्याला वाटलं मला आनंद होईल. "ताई, तुमच्या भावानं गादी घेतली, पूरा गाव खूश आहे, नारळ फुटले." मी हातातलं दुधाचं पातेलं तसंच खाली ठेवलं.

भागाबाईचं ऐकून मला रडू आलं. तू का बसलास तेही मला समजतं, मी काही मूर्ख नाही. तू म्हणशील, मी बाबांसारखा लिंबाचा पाला देत नाही, मी फक्त पाणी सोडतो आणि लगेच दवाखान्यात धाडतो. म्हणशील, ते ऐकत नाहीत, मग ऐकतील अशा भाषेत सांगतो.

पण मग हेही ऐक. तू जेव्हा जेव्हा पाणी मोकळं करतोस, तेव्हा तेव्हा ते आधी बंद होतं असं कबूल करतोस. तू नसलास तर? तापानं पडलास, खंडव्याला लग्नाला गेलास, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहेस आणि हाक पोचत नाही, तर? तेवढा वेळ कोणाची तरी बायको पुलाशी उभी राहणार. माझ्यासारखी. आणि या वेळी तिला थांबवणारा माझा भाऊ असेल.

मी पुन्हा लिहिणार नाही असं म्हटलं की तू मनावर घेत नाहीस. या वेळी घे.

चारुलता

——

जैनाबाद
२ ऑगस्ट २०२४

ताई,

तू खाली पूर्ण नाव लिहिलंस. मास्तरांनी हजेरी घेतल्यासारखं वाटलं.

मी लपवलं, ते चुकलं. बसलो, ते चुकलं की नाही, मला माहीत नाही. रोज दिव्याजवळ बसून विचारतो. उत्तर येत नाही, पण झोप येते. म्हणजे देव फार रागावलेला नसावा.

मी नसलो तर काय, या तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून मी आता कुठे जातच नाही. बुऱ्हाणपुरातला बाजारसुद्धा देवरामकडून आणवतो. शिट्टी मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर काम करतो. मामेबहिणीच्या नातवाच्या बारशाला गेलो नाही. हे उत्तर नव्हे, मला कळतं. आत्तापुरतं एवढंच सुचलं.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

नंदू

——

जैनाबाद
२५ ऑगस्ट २०२४

ताई,

भिकनला रोज विचारतो. तो आता माझ्या दारावरून जाताना आधीच मान हलवतो, गाडी थांबवत नाही.

नागपंचमीला ओट्यावर गर्दी होती. लाह्या, दूध, हळद. बायकांनी गाणी म्हटली. सगळ्यांनी माझ्या पाया पडून घेतलं आणि सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. ओट्यावर बसणाऱ्याला घरात जेवायला बोलवत नाहीत, त्याच्या अंगाला जनावराचा वास येतो म्हणतात. बाबांना हे कधी बोचलं का, मी विचारलं नाही. त्या दिवशी मी भाताच्या पातेल्यासमोर बसून त्यांचा विचार केला. तुझा राग आहे, तरी लिहितो: तेही एकटेच जेवायचे. आईनं वाढलं तरी.

या महिन्यात तिघांना पलीकडे धाडलं. मजुरीला आलेली एक बाई, विटांच्या भट्टीवरचा एक, आणि देवरामचा सासरा. तिघंही चालत परत आले. सासऱ्याला साधा पाणसाप होता, दवाखान्यात नुसतं बसवून ठेवलं, तरी तो गावभर पाय दाखवत फिरतो. मी तांब्या भरून तयारच ठेवतो. बाबा पुटपुटत राहायचे तेवढा वेळ मी लावत नाही. एकदा म्हणतो आणि जा म्हणतो.

लोक चांगलं बोलतात. पण बोलायला थांबत नाहीत.

नंदू

——

सरकारी दवाखाना, बुऱ्हाणपूर
१७ सप्टेंबर २०२४

ताई,

हे पत्र तुझ्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावरून लिहितो आहे. बाहेर विसर्जनाचे ढोल चालले आहेत, म्हणजे तुला ऐकू येत असतील ते आणि मला येताहेत ते एकच. आडवं पडून लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस.

मागच्या आठवड्यात मला पान लागलं. साप चावला असंच लिहितो, आता कशाला लपवू. केळीच्या वाळल्या पाल्याचा ढीग उचलत होतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. मला ऐकू आला होता, ताई. पण मी एक पान आणखी उचललं. घोणस होती. पायाच्या पिंडरीला धरलं आणि सोडून निघून गेली. मी तिला मारलं नाही, मारायला गेलोही नाही. खाली बसलो आणि शिट्टी मारली. मी दुसऱ्यांसाठी कान देऊन राहत होतो, माझ्यासाठी कोणी कान देत असेल असं वाटलं नव्हतं. पण देवरामची बायको सोजरबाई धुणं टाकून पळत आली.

दुखतं किती ते लिहीत नाही. पाय माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणाचा तरी होत गेला. देवरामनं केळीची पिकअप काढली, मागे घड होते त्यांच्यावरच मला निजवलं. पाचसहा जण चढले. आणि पुलाच्या तोंडाशी येऊन देवरामनं नेहमीसारखा ब्रेक मारला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

एक जण म्हणाला, "नंदूभाऊ, पाणी खोल."

दुसरा म्हणाला, "अरे तो कसा खोलेल? ज्याला पान लागलं त्यानं सोताचं पाणी खोलायचं नसतं. याचेच बाबा, कडूबाबा, सांगायचे."

"मग कोन खोलनार? खोलनारा तर हाच पडेल आहे!"

"फोन लावू का?"

"कोनाला? कडूबाबाला? वरती?"

कोणी तरी खरंच हसलं. मलाही हसू आलं असतं. पिकअप सुरू होती, इंजिन धडधडत होतं, आणि समोर पूल मोकळा होता. शाळेची पोरं सायकलवरून जात होती. मला तू दिसत होतीस. म्हणजे तू नव्हतीस, पण तू जिथे उभी होतीस ती जागा तीच.

मी म्हणालो, चला, काही होत नाही, माझ्या शब्दावर चला. देवरामनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "भाऊ, तुला काही झालं तर गाव मला काय म्हनेल? मी पाप नाही घेत." तो रडत होता, ताई. तो काही वाईट माणूस नाही. त्याला मला वाचवायचंच होतं, म्हणून तो थांबला होता.

तेव्हा सोजरबाई ओरडली. "मानूस मरून राहिला अन् तुम्ही पंचायत करून राहिले! काय शब्द आहे तो? सांगा मला. मी म्हनते."

सगळे तिच्याकडे वळले. बाईनं? आणि शब्द चारचौघांत बोलला की मरतो, हे प्रत्येकाला लहानपणापासून माहीत. बाबांनी कानात सांगताना माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

मी मोठ्यानं सांगितला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुलाही लिहितो, आता त्यात गुपित काही उरलं नाही:

माय, लेकरू चाललं. वाट दे.

मागे बसलेला एक जण म्हणाला, "अन् मग पुढं?"

मी म्हणालो, पुढं काही नाही. एवढंच.

"एवढंच? मग बाबा येवढा वेळ काय म्हनायचे?"

"हेच. पुन्हा पुन्हा."

तांब्या नव्हता. सोजरबाईनं कोणाच्या तरी प्यायच्या बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "माय, लेकरू चाललं, वाट दे, अन् आता गाडी हाक रे मुर्दाडा!" मुर्दाडा देवरामला. गाडी निघाली.

इथे त्यांनी माझं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलं. ते गोठायला हवं होतं, गोठलं नाही. मग विषाचं उलटं औषध शिरेतून सोडलं. पुष्कळ बाटल्या. पहिल्या बाटलीला अंग थडथड उडालं, तेव्हा वाटलं की झालं. नर्सबाई म्हणाल्या, "काका, अजून नाही." मोठा धीराचा आवाज आहे त्यांचा. त्यांनी सांगितलं की बांधलं नाहीत, कापलं नाहीत, पाय हलवू दिला नाहीत, हे फार चांगलं केलंत. मी म्हणालो, बांधायला कोणाला सुचलंच नाही, सगळे पुलाचं बोलत होते.

आता लघवी साफ आहे. जेवण जातं. मधले दोन दिवस मला काही आठवत नाहीत. इथली माणसं चांगली आहेत. दवाखान्यातलीच कोणी बाई डब्यात भाताची पेज ठेवून गेली होती, हिंग आणि मीठ घातलेली. सोजरबाई म्हणते नाव सांगितलं नाही.

तू आली नाहीस, ते मी समजू शकतो. मीच तुझं ऐकलं नव्हतं.

नंदू

——

बुऱ्हाणपूर
१९ सप्टेंबर २०२४

नंदू,

पेजेचा डबा सोजरबाईजवळ धुऊन दे. झाकण दुसऱ्या डब्याचं आहे, तेही हरवू नकोस.

भिकननं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी आले तेव्हा तुला शुद्ध नव्हती. तुझ्या ओठांना रक्त सुकलं होतं. सोजरबाईनं मला कधी पाहिलेलं नाही. मी कोण ते तिला सांगितलं नाही, कारण मग तिनं मला बसवलं असतं, बोलतं केलं असतं, आणि मला बोलायचं नव्हतं. तिनं मला दवाखान्यातली समजून विचारलं, "मावशी, वाचेल ना हा? याचं कोनी नाही." मी म्हणाले, वाचेल. दुसऱ्या गोष्टीवर काही बोलले नाही. घरी येताना तेच डोक्यात होतं.

रोज आले. तुला जाग येऊ लागल्यावर आले नाही.

तुझं पत्र वाचलं आणि ते वाक्य वाचलं. माय, लेकरू चाललं, वाट दे. त्या पहाटे मी बाबांच्या पाठीमागे उभी होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला वाटायचं, काहीतरी फार मोठं असेल, फार जुनं, मधे तोडता न येणारं. इतकी वर्षं मी त्या मोठ्या गोष्टीवर राग धरून होते. ते एवढंसं होतं, नंदू? एवढं तर मी गाडीत बसता बसता म्हटलं असतं.

मला रडू आलं नाही. मी उठून भांडी घासली.

आणि एक लिहिते. ते वाईट वाक्य नाही. तेच वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मीही म्हटलं असतं.

पाय उशीवर उंच ठेव. औषधं बंद करू नकोस. सगळं झाल्यावरही पुन्हा रक्त तपासायला बोलवतात, ते चुकवू नकोस. मूत्रपिंडाचं म्हणतात.

ताई

——

जैनाबाद
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

डबा आणि झाकण दोन्ही भिकनजवळ दिलं आहे. आत चार केळी ठेवली आहेत, घरच्या बागेतली. दाबली गेली असतील तर भिकनला बोल.

रक्त तपासून आलो. सगळं ठीक आहे म्हणाले. पाय जड वाटतो, काठी घेऊन चालतो.

माझी गादी गेली. कोणी काढून घेतली नाही, तशीच संपली. चारचौघांत बोललेला शब्द मेला, असं जाणते म्हणाले, आणि मान हलवून गेले. काही जण अजून रागावलेले आहेत, मी गावाची गोष्ट उघडी केली म्हणतात. नारळ येत नाहीत. दाराशी कोणी उभं राहत नाही. पान लागलेला माणूसही माझ्याकडे येत नाही, आणि एरवीही कोणी येत नव्हतं, त्यामुळे दिवस फार लांब झाला आहे.

पण तुला सांगायचं ते हे. परवा वस्तीतल्या एका पोरीला घरात पाटाखाली काहीतरी चावलं. मी ओट्याजवळच बसलो होतो. देवरामची पिकअप समोरून गेली. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काठी टेकत पुलाच्या वळणापर्यंत गेलो, सवयीनं. गाडी थांबेल असं वाटलं. थांबली नाही, ताई. पुलावर चढताना आतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणत होत्या, माय, लेकरू चाललं, वाट दे. कोणी "लेकरू"ऐवजी "पोर" म्हणत होतं, कोणी मधे "बाई गं" घालत होतं. गाडी चालूच होती. एकीनं खिडकीतून बाटलीतलं पाणी शिंपडलं, ते वाऱ्यानं तिच्याच तोंडावर आलं.

पोरगी बरी आहे.

मी पुलाच्या अलीकडे बराच वेळ उभा होतो. शब्द मेला असं म्हणतात, पण मला तो पहिल्यांदाच जिवंत वाटला. देवाला हे पटलं असेल का, हे मी अजून विचारतो. हल्ली उत्तराची घाई वाटत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देवरामच्या गाडीनं दिलं. मी नसलो तर काय? काही नाही. गाडी जाते.

नंदू

——

बुऱ्हाणपूर
२४ ऑक्टोबर २०२४

चि. नंदू,

केळी दाबली गेली होती. खाल्ली.

रविवारी येते. भिकनला सांगू नकोस, तो गावभर करील. घरात येईन की ओट्यापाशीच बसेन, ते तिथे आल्यावर पाहू. तू आत ये, ये करू नकोस. चहा बाहेर आणलास तरी चालेल.

रिक्षावाल्याला निघतानाच सांगणार आहे, पुलाशी थांबायचं नाही. मी आत बसून म्हणेन.

तुझी ताई